कोपऱ्यावरची वखार

शिरीष करंदीकरांना जपानातल्या कोबेत येऊन पाच वर्षं झाली होती. त्यामुळे जे दोन वर्षांपूर्वी आले त्यांच्याकडे ते, गावच्या पाटलाने पाहुण्याकडे पाहावं तसं पाहत. मुंबईच्या एका बँकेने त्यांना इथल्या शाखेत धाडलं होतं. शाखेत काम बेताचं, त्यामुळे संध्याकाळ मोकळी. ती ते स्टेशनच्या दक्षिणेकडच्या जुन्या पेठेत घालवत. दीडेकशे वर्षांपूर्वी गोऱ्या व्यापाऱ्यांनी वसवलेली ही वसाहत. तिथे फिरता फिरता शिरीषराव इतिहासकार झाले. अडवणारं कोणी नव्हतं.

त्यांची पद्धत सोपी होती. भिंतीवर हात ठेवायचा, डोळे किंचित मिटायचे आणि साल सांगायचं. जपानी ते फर्डं बोलत, पण लिपीच्या वाटेला कधी गेले नाहीत. पाट्या वाचणं हे पर्यटकांचं काम, असं त्यांचं मत. पंचाण्णवच्या भूकंपात इथलं बरंच पडलं आणि बरंच नव्याने उभं राहिलं, हे त्यांना ठाऊक होतं. म्हणूनच तर जाणकाराचा हात लागतो, असं ते प्रत्येक नवख्याला ऐकवत.

पेठेतली त्यांची लाडकी इमारत म्हणजे कोपऱ्यावरची वखार. हे नाव त्यांनीच ठेवलेलं. करड्या दगडाची, दुमजली, कमानदार खिडक्यांची; छज्ज्याखाली पावसाचे काळे ओघळ आणि दाराशी घोडे बांधायच्या लोखंडी कड्या. बँक सुटल्यावर ते जात तेव्हा ती नेहमी बंद असे, त्यावरून वारसांत भांडण असणार असा निष्कर्ष त्यांनी काढला होता. वखारीच्या मूळ मालकाला, म्हणजे एका इंग्रज चहावाल्याला, त्यांनी आधी नाव दिलं, मग संधिवात दिला आणि गेल्या दिवाळीपासून योकोहामाला एक भानगडही दिली.

अशा सुसंस्कृत शहरात आयटीवाले शिरले. टोक्योच्या कोतो वॉर्डात तर त्यांच्या इमारतीच्या इमारती झाल्या, आणि त्यातले काही सांडून कोबेपर्यंत आले. पाठीवर काळी सॅक, गळ्यात कंपनीचा पट्टा, तोही रविवारी. हे लोक शहरात राहत नाहीत, नुसते लॉग इन करतात, हे वाक्य शिरीषरावांनी महाराष्ट्र मंडळाच्या तीन कार्यक्रमांत म्हटलं होतं. तिन्ही वेळा आयटीवाल्यांनीच टाळ्या वाजवल्या, त्यामुळे त्यांची तुच्छता आणखी वाढली.

नेमका असल्याच एका कोतोवासीयावर त्यांच्या मुलीचा जीव जडला. जुई कोबेतल्या एका जहाज कंपनीत नोकरीला होती. मुलगा सुयश, मूळचा चिंचवडचा. जुईने आईला सांगितलं, आईने शिरीषरावांना. ते हो म्हणाले नाहीत, नाही म्हणाले नाहीत. मुलाने रविवारी यावं आणि आपल्याबरोबर जुनी पेठ फिरावी, मग काय ते सांगू, असं त्यांनी जाहीर केलं. ज्याला भिंत कळत नाही त्याला घर काय कळणार?

"अहो, जावई बघताय की गाईड नेमताय?" ज्योत्स्नाबाईंनी विचारलं. पण जुईने सुयशला रविवारचं कळवून टाकलं. बाबांचा होकार नसला तर ती हे लग्न करणार नव्हती, आणि बाबांना होकार न देण्याची सवय होती, हे तिला माहीत होतं.

रविवारी सुयश बुलेट ट्रेनने आला. पाठीवर सॅक होतीच. हातात मिठाईचा खोका होता, तोही टोक्यो स्टेशनवर घाईत घेतलेला. शिरीषरावांनी तो अशा बोटांनी धरला की जणू त्यातून काही गळतंय.

पेठेत परीक्षा सुरू झाली. खांबांच्या इमारतीपाशी सुयशने विचारलं, की ह्याचं कुठे डॉक्युमेंटेशन आहे का. भिंतीला डॉक्युमेंटेशन नसतं, वय असतं, असं उत्तर त्याला मिळालं. विटांच्या जुन्या गटारापाशी तो म्हणाला की उतार फार छान काढलाय. शंभर वर्षांच्या इतिहासात ह्याला उतार दिसला. शिरीषरावांनी मनातल्या मनात नापासाचा शेरा मारला आणि मोठ्या समाधानाने पुढे निघाले.

"बाबा, आज वखार राहू दे," जुई म्हणाली. "ऊन झालंय. कॉफी घेऊ या."

जरा पुढे गेल्यावर ती पुन्हा तेच म्हणाली. पण मुख्य पेपर सोडून परीक्षा संपवणाऱ्यांतले शिरीषराव नव्हते. वखारीपाशी येऊन त्यांनी भिंतीवर हात ठेवला.

"अठराशे नव्वद. हे काळं बघ. कोळशाचा धूर, समुद्राची हवा, शंभर पावसाळे. हे रंगवून येत नाही. काय दिसतं?"

सुयशने ओघळाकडे पाहिलं, जुईकडे पाहिलं. जुई बुटांकडे बघत होती.

"जुनं दिसतं, काका."

एवढंच? त्या पोराची कीव करायला शिरीषराव तोंड उघडणार, एवढ्यात वखारीचं दार उघडलं. पाच वर्षांत पहिल्यांदाच. आतून घंटा वाजली, पांढऱ्या झग्यातली नवरी आली, तिच्यावर पाकळ्या उधळल्या गेल्या. मागून काळ्या कोटातली एक बाई आली आणि तिने कमरेत वाकून नमस्कार केला. शिरीषरावांना नव्हे, सुयश-सान आणि जुई-सान यांना. मग ती शिरीषरावांकडे वळली.

तिचं जपानी फार अदबीचं होतं, आणि दुर्दैवाने शिरीषरावांना त्यातला शब्द न् शब्द कळला. मुलं दोनदा भोजनाची चव बघून गेली, आज वडीलही आले, आनंद झाला. आमचं मंगल कार्यालय सात वर्षांचंच आहे. तसं वाटू नये म्हणून कारागीर आणवून दगड मुद्दाम काळे करून घेतलेत. फोटो झकास येतात. लग्नं शनिवार-रविवारी, इतर दिवशी संध्याकाळी बंद.

शिरीषरावांचा हात अजून अठराशे नव्वदवरच होता. कोणी हसलं नाही.

"तुला माहीत होतं?" बाई आत गेल्यावर त्यांनी विचारलं.

"हो, काका. चव बघायला बोलावतात. सात पदार्थ, फुकट."

"मग बोलला का नाहीस?"

"तुमचा हात भिंतीवर होता."

शिरीषरावांनी हात काढला, रुमालाने पुसला. काळं लागलं नव्हतं. त्यांनी विचार केला. ह्या माणसाला नाही म्हटलं तर तो कोतोला परत जाणार. तिथे लिफ्टमध्ये, जिन्यात, सायकली लावायच्या जागी, सगळीकडे मराठी कान. आणि मंडळाचा पुढचा कार्यक्रम गणपतीत, भाषण शिरीषरावांचं. असली माहिती घराबाहेर ठेवणं बरं नव्हे.

घरी ज्योत्स्नाबाईंनी विचारलं, मुलगा पास झाला का.

"इतिहासाचं ज्ञान शून्य," शिरीषराव म्हणाले. "पण वळण चांगलं आहे. माझा होकार आहे."

जुईने आईकडे पाहिलं आणि पटकन चहा ठेवायला गेली.

लग्न वखारीतच झालं. दाराशी उभे राहून शिरीषराव येणाऱ्या प्रत्येकाला चहावाल्याची हकिकत सांगत होते, संधिवातापासून योकोहामापर्यंत. कोतोहून आलेले आयटीवाले आज्ञाधारकपणे काळ्या ओघळांचे फोटो काढत होते. त्यातल्या एकाने नवऱ्या मुलाला विचारलं, खरंच का रे एवढी जुनी?

"अठराशे नव्वद," सुयशने सांगितलं. मग आत बोलावणं आलं म्हणून त्याने पाठीवरची सॅक उतरवली आणि घोडा बांधायच्या कडीला अडकवली. त्या कडीचा तो पहिलाच उपयोग.