एकाच दगडातली जोडी

सकाळची पहिली बादली मुलाची. घरातली भांडी, अंगण, स्वतःची आंघोळ, सगळं त्यानंतर. नावाड्याची आई बादली आणि धुऊन धुऊन मऊ झालेलं फडकं घेऊन नदीकाठच्या चौकात जायची, देवाचं नाव घेत चौथऱ्यावर चढायची आणि दगडातल्या लेकाचं तोंड पुसायची. आधी कपाळ, मग कानामागे. लहानपणी कानामागे पाणी लागलं की हा पोरगा ओलाच घरभर पळायचा. "आता कसा गप उभा राहतोस," ती म्हणायची आणि त्याच फडक्याने डोळे टिपायची.

नदीला लोंढा आला होता, तेव्हा ह्याच मुलाने मधल्या बेटावर अडकलेली माणसं खेपा करकरून काठाला आणली. सगळी सुखरूप आली. तेवढ्यात एका म्हाताऱ्याने "माझी बकरी राहिली रे!" म्हणून टाहो फोडला, आणि हा हसत पुन्हा होडीत बसला. ती खेप परत आली नाही. देहही सापडला नाही. लेकाला भेटायला आईला साऱ्या जगात एवढी एकच जागा उरली, हा चौथरा.

गाव कृतघ्न नव्हतं. गावाने मूर्ती उभारायची ठरवली, आणि मूर्तिकाराला एक कल्पना सुचली ती सगळ्यांना फार गोड वाटली. नावाडी वल्हं घेऊन उभा, आणि शेजारी त्याची बायको कंदील उंच धरून नदीकडे बघत, त्याची वाट पाहत. दोघं एकाच शिळेतली. चेहरा खरा हवा म्हणून रडून डोळे सुजलेल्या त्या कोवळ्या पोरीला मूर्तिकारापुढे बसवलं. मूर्ती उभी राहिली, आणि त्या दिवसापासून पोरीला सारा गाव कंदीलबाई म्हणू लागला.

मान दिला हो लोकांनी, नाही असं नाही. ती दुकानात गेली की रांग बाजूला सरायची. पण तिने लाल कापड मागितलं की दुकानदार हात जोडायचा, "वहिनी, हा रंग तुम्हाला कशाला? तुम्ही तर आमची मूर्ती!" नदीवर कुणा मैत्रिणीजवळ खळखळून हसली, तर ती घरी पोचायच्या आत त्या हसण्याची तक्रार घरी पोचलेली असायची. परगावचे लोक मूर्ती बघून मुद्दाम दारात डोकावायचे आणि तोंडावर म्हणायचे, "ह्या त्या होय? मूर्तीत किती तरुण दिसतात!" देवाने माणूस घडवला तेव्हा त्यात श्वास घातला. आपण माणसाची मूर्ती करायला निघालो, की आधी त्याचा श्वास मोजायला बसतो.

घरात सून शिवणयंत्रावर शाळेचे गणवेश शिवायची आणि सासू काजं करून द्यायची. नदीपलीकडचा एक सुतार, बायको गेलेला, लहान मुलीचा फ्रॉक शिवायला टाकून गेला. मग दुसरा टाकला. मग एक दिवस सरळ विचारून गेला, लपवाछपवी नाही. ही गोष्ट गावाला कळायला कितीसा वेळ? चारचौघे त्याच्या कारखान्यात जाऊन उभे राहिले. "मूर्तीतल्या बाईला कुणी मागणी घालतं का रे?" त्यानंतर अलीकडच्या काठावर त्याला कुणी साधं स्टूलही करायला दिलं नाही.

अशातच एक लाकडांची गाडी मागे घेताना चौथऱ्याला धडकली. बाईचा कंदिलाचा हात खांद्यापासून निखळला, गालाचा मोठा टवका उडाला. मुलाला ओरखडाही नाही.

शाळेच्या पटांगणात सभा भरली. काही म्हणाले, मूर्ती काढा, रस्ता अरुंद आहे. काही म्हणाले, रस्ता राहू दे अरुंद, मूर्तीला कठडा घाला. रस्त्यावर पुष्कळ बोलणं झालं, गाड्यांवर झालं, कठड्याच्या रंगावरही झालं. मागच्या रांगेत बसलेल्या सुनेकडे कुणी वळून पाहिलं नाही. शेवटी गावचे प्रमुख उठले. "ज्या माउलीने मुलगा दिला, तिच्या शब्दाबाहेर हा गाव जाणार नाही. मावशी, बोला!"

म्हातारी उभी राहिली. "राहू द्या. माझा पोरगा आहे तिथे."

टाळ्या पडल्या. प्रमुखांनी तिथल्या तिथे जाहीर केलं, मूर्तिकाराला बोलावून हात आणि चेहरा नवा कोरून बसवू. कंदीलबाईंनी पुन्हा एकदा समोर बसायचं, बस्स.

घरी आल्यावर सुनेने यंत्र सुरू केलं आणि लगेच थांबवलं.

"आई, तुम्ही हो म्हणालात."

"मग काय म्हणू? माझ्या पोराला उपटून टाका म्हणू?"

"त्यांना नाही. मला काढा म्हणायचं होतं."

"दगड एक आहे गं बाई."

"तेच तर. मी त्या दगडातून कशी निघू? गावाला विचारलं तर गाव मूर्तीकडे बोट दाखवतं. चोरासारखं पळून मला जायचं नाही. आणि पळू तरी कुठे? पलीकडच्या दुकानात काडेपेटीवरच्या चित्रातसुद्धा मीच आहे, कंदील घेऊन!"

सासूला हसू आलं, आणि आपण हसलो ह्याचाच राग आला. "स्पष्ट सांग ना. माझ्या लेकाचा विसर पडलाय तुला."

सुनेने यंत्राखालचं कापड बाजूला सारलं. "ते होडीत गाणं म्हणायचे. इतकं बेसूर, की उतारू कान झाकायचे. आठवतंय तुम्हाला? मला रोज आठवतं. चौथऱ्यावरचा तो माणूस गातो का हो, आई?"

म्हातारीने दोरा दाताने तोडला आणि पुढचं काज घेतलं. ते वाकडं झालं.

मूर्तिकार आला. अंगणात स्टूल मांडलं, प्रमुख आणि दोन-चार जाणती माणसं खुर्च्या टाकून बसली. सुनेच्या हातात कंदील दिला.

"अजून वर. मान नदीकडे. हां. आता जरा त्या वेळेसारखं दुःख येऊ द्या चेहऱ्यावर."

"त्या वेळी आणावं लागलं नव्हतं," सून म्हणाली.

"बोलू नका, ओठ हलतात."

उन्हाची तिरीप सरकत गेली. तिचा हात आधी थरथरला, मग गदगदा हलू लागला. मूर्तिकार चरफडला. त्याने कुंपणाची एक बेचक्याची काठी आणली, तिच्या कोपराखाली टेकू म्हणून लावली आणि खालचं टोक स्टुलाच्या पायाला दोरीने आवळून बांधलं. "आता हलणार नाही."

पाहुण्यांना पाणी घेऊन आलेली म्हातारी दारातच थबकली. "हे काय लावलंय हिला?"

"टेकू आहे, मावशी. मूर्तीत दिसायचा नाही."

म्हातारीने तांब्या खाली ठेवला. गुडघ्यावर हात देत वाकली, दोरी सोडली, काठी काढली, सुनेच्या मुठीतून कंदील घेतला. आणि बघते तर काय, हात तसाच वर! आखडला होता. कंदील नाही, टेकू नाही, तरी हात हवेत तसाच उभा. मग तिने तो दोन्ही हातांनी धरून हळूहळू खाली आणला आणि चोळत राहिली, खांद्यापासून बोटांपर्यंत. आजवर रोज सकाळी ती दगड चोळत आली होती. हे कातडं ऊन होतं.

"प्रमुख," ती मान वर न करता म्हणाली, "माझ्या शब्दाबाहेर गाव जाणार नाही म्हणालात ना?"

"म्हणालो. आजही म्हणतो."

"मग मूर्ती काढा."

खुर्च्या करकरल्या. प्रमुख पुढे सरकले. "हिची? मावशी, त्याच्या वल्ह्याचा दांडा हिच्या खांद्यामागून गेलाय. एकाला काढायचं तर दोघंही जातील."

"मला सांगता? रोज मीच पुसते ना."

"अहो, मग पोराला भेटायला कुठे जाल?"

ह्यावर तिला देवाचं नावही आठवेना. सुनेचा हात अजून तिच्या हातात होता, आणि आता त्या हाताची बोटं तिच्या बोटांवर मिटली.

"त्याने बेटावर कुणाला सोडलं नाही," म्हातारी म्हणाली. "बकरीलासुद्धा नाही. आणि त्याची बायको मी चौथऱ्यावर सोडू?"

"आणि ही त्या सुताराकडे गेली तर? गावाचं नाक कापलं जाईल!" खुर्चीवरचा एकजण ओरडला.

"कुठे जायचं ते ती बघेल. नाकाचं म्हणाल, तर तुमच्या मूर्तीचं नाक पोरांनी हात लावून लावून कधीच झिजवलंय. मीच कुणाला सांगितलं नव्हतं."

प्रमुखांनी काठी टेकत अंगण ओलांडलं. साऱ्या गावासमोर दिलेला शब्द होता. तो गिळायची त्यांची छाती झाली नाही.

मूर्ती उचलायच्या सकाळी चौकात गर्दी होती. बरीच माणसं पाठ फिरवून उभी होती. काही बायका मात्र समोर तोंड करून उभ्या होत्या, काही न बोलता. त्यांतल्या किती जणी घरच्या चौथऱ्यावरून आल्या होत्या, ते त्यांचं त्यांना ठाऊक. वाचकहो, आपापल्या घरचं आपल्यालाही ठाऊक आहे.

दोरखंडवाले थांबले, कारण म्हातारी बादली घेऊन आली. सोबत सून होती, खांद्यावर लाल शाल. दोघींनी मिळून त्याला धुतलं, कपाळ, वल्हं, पाय. कानामागचं म्हातारीने स्वतः पुसलं, आणि तिथेच तोंड नेऊन हलकेच म्हणाली,

"तुझी एक खेप राहिली होती ना बाळा? ती मी काठाला आणली."