दादाची हनुवटी

बारक्या अठ्ठावन्न वर्षांचा होता आणि डोक्यावर केस मोजकेच उरले होते, तरी थोरल्या भावाने त्याला बारक्या म्हणायचं काही सोडलं नव्हतं. दोघे भाऊ दोन खोल्यांत राहायचे. वहिनी जाऊन सहा वर्षं झाली होती, आणि बारक्या लग्नाच्या भानगडीत कधी पडलाच नव्हता.

तो कवळ्या बनवणाऱ्या कारखान्यात कामाला होता. दिवसभर मेणात दात आणि हिरड्या कोरायच्या आणि घरी आलं की खिडकीजवळच्या टेबलाशी बसून लाकडाची माणसं कोरायची, अंगठ्याएवढी. हा त्याचा छंद. पोटापाण्याशी त्याचा काही संबंध नव्हता, म्हणून तर त्यात कुणी नाक खुपसलं की त्याचं डोकं फिरायचं.

आणि नाक खुपसायला दादा होताच. दादा जन्मभर न्हावी. दुकान बंद करून चार वर्षं झाली तरी समोरच्या माणसाकडे बघताना तो आधी कल्ले सारखे आहेत का ते बघायचा. बारक्याने नवीन बाहुली टेबलावर ठेवली की दादा चष्मा पुसून यायचा.

"याचं नाक डोळ्यांच्या मधून उगवलंय. नाक कपाळातून उतरतं, बारक्या. चाळीस वर्षं लोकांची नाकं चिमटीत धरलीत मी."

वैताग याचा यायचा की दादाचं म्हणणं बहुतेक वेळा बरोबर असायचं.

त्या वर्षी पलीकडच्या गल्लीतल्या वाचनालयाने छंदांचं प्रदर्शन ठरवलं. नियम एकच होता, प्रत्येकाने निदान पाच वस्तू मांडायच्या. बारक्याकडे दाखवण्याजोग्या चार होत्या : पोस्टमन, शिलाई मशीनवर वाकलेली शेजारीण, शिडीवरचा रंगारी आणि छत्री उलटी झालेला एक जाडा माणूस. पाचवीने मात्र त्याचा जीव खाल्ला. एकीची मान मोडली. दुसरीच्या कानाशी लाकडात गाठ निघाली. तिसरी पूर्ण झाली, पण ती कुणासारखीच दिसेना.

शेवटी त्याने दादालाच कोरायचं ठरवलं, त्याला न सांगता. दादा पेपर वाचायला बसला की हा समोर बसून चोरून बघायचा आणि कोरणी चालवायचा. तीन आठवडे लागले. पण यावेळी चेहरा आला. खाली उतरलेले गाल, किंचित उघडं तोंड, सैल पडलेली हनुवटी. बारक्याला स्वतःच्या हातावर विश्वास बसेना. शनिवारी सकाळी त्याने ती बाहुली टेबलावर उभी केली, "बघून ठेव, संध्याकाळी बोलू," एवढंच दादाला म्हणाला आणि कामाला गेला.

परत आला तेव्हा बाहुलीला हनुवटी नव्हती. ओठांखालचं लाकूड सपाट झालं होतं, आणि शेजारी त्याचीच छोटी कानस पडली होती.

"तू हात लावलास?"

"थोडासाच," दादा पेपरामागून म्हणाला. "खाली ओघळली होती. जरा वर घेतली."

"तुझ्या गिऱ्हाइकाचे कल्ले आहेत का ते, वर घ्यायला? उद्या प्रदर्शन आहे, दादा."

"मग चार ने. चारही चांगल्या आहेत."

चारही चांगल्या आहेत हे दादा आयुष्यात पहिल्यांदा म्हणाला होता, आणि तेही नेमकं आज. बारक्या उपाशीच झोपला.

रविवारी तो चार बाहुल्या डब्यात घालून वाचनालयात गेला. ग्रंथपाल बाईंनी यादी पाहिली, बाहुल्या मोजल्या. "पाच लागतात हो. घरी आणखी नाही का काही? छोटंसं काहीही चालेल."

छोटंसं काहीही. बारक्याने दात आवळले. त्याच्या वाट्याच्या टेबलावर शेजारच्या काड्यापेट्या जमवणाऱ्याने एव्हाना हातपाय पसरले होते. बारक्याने डबा काखेत मारला आणि घरी आला.

दादाने त्याच्या हातातला डबा पाहिला. चहा टाकला, दोन कप भरले आणि समोर बसला.

"तो मी नव्हतो," तो म्हणाला. "ते बाबा होते."

"कोण?"

"तू केलेला. शेवटच्या दोन वर्षांतले बाबा. तोंड असंच उघडं राहायचं त्यांचं. रोज सकाळी मी दाढी करायचो. एका हाताने जबडा वर धरायचा आणि दुसऱ्या हाताने वस्तरा चालवायचा. ती हनुवटी मला झोपेतही ओळखता येईल. काल टेबलावर बघितली आणि सहन झालं नाही. मी अजून तसा झालेलो नाही, बारक्या."

झाला होता. बारक्याने तीन आठवडे पाहूनच कोरलं होतं. पण हे बोलून दाखवण्याइतका तो रागात उरला नव्हता.

"मला चाळिशीतला कर," दादा म्हणाला. "तेव्हा बरा दिसायचो मी."

"चाळिशीतला तू मला आठवत नाहीस. मी तेव्हा नोकरीला बाहेर होतो."

बाबांच्या आजारपणातही तो बाहेरच होता. दर महिन्याला पत्र पाठवायचा आणि उत्तरात सगळं ठीक असल्याचं वाचायचा. त्याने चहाचा कप बाजूला सारला. मग त्याने विचारलं, "बाबा खुर्चीत कसे बसायचे?"

दादा उठला आणि खुर्चीत बसून दाखवू लागला. डाव्या अंगाला कललेला, एक हात खुर्चीच्या दांडीला घट्ट. "गुदगुल्या व्हायच्या त्यांना," तो म्हणाला. "बोलता येत नव्हतं, पण हसायचे. मी रागवायचो, कापलं जाईल म्हणून."

दुसऱ्या दिवसापासून बारक्या तेच कोरायला बसला : खुर्चीतले बाबा आणि त्यांच्यावर वाकलेला दादा, दोघे एकाच तुकड्यातून. खुर्ची निघाली, बाबा निघाले. दादाचा चेहरा खाली वळलेला, त्यामुळे हनुवटीचं भांडण मिटलं. पण वस्तरा धरलेला हात तांदळाच्या दाण्याएवढा, तो मनगटात तुटायचा. वेगळा कोरून चिकटवला तरी तुटायचा. तिसऱ्यांदा तुटला तेव्हा बारक्याने कोरणी टेबलावर आपटली. एवढे हजारो दात कोरले, एक हात जमू नये?

"उभ्या रेषेत कोरतोयस," दादा मागून म्हणाला. "लाकडाची रेषा आडवी पडू दे, हाताच्या लांबीने."

"तुला लाकडातलं काय कळतं?"

"केसातलं कळतं."

बारक्याने लाकडाचा नवीन तुकडा उचलला, आडवा धरला आणि चरफडत पुन्हा सुरुवात केली. दादा खुर्ची ओढून शेजारी बसला आणि सांगू लागला, की एकदा बाबांनी फेसाचा अख्खा ब्रश कसा चावून धरला होता आणि सोडायलाच तयार नव्हते. बारक्याने हे कधी ऐकलं नव्हतं. मान वर न करता तो कोरत राहिला, आणि दादा थांबला की म्हणायचा, "मग?"