घट्ट बाहीतली शक्ती

टेलरमास्तरांच्या दुकानाबाहेर चपलांचा खच पडला होता. आत कापायचं टेबल भिंतीला सरकवलेलं, दोन्ही शिलाई मशिनं चादरीखाली झाकलेली आणि मधल्या खुर्चीवर मास्तरांची बायको बसलेली. गल्ली तिला वहिनी म्हणायची. गेला दीड महिना तीच गल्ली तिच्यापुढे ओंजळ धरून उभी राहत होती.

मौनीबाबांनी लाल पट्टी वहिनींच्या दंडाला गुंडाळली आणि करकचून आवळली. मौनी हे नावापुरतं. बाबांची जीभ मशिनच्या सुईलाही मागे टाकायची.

"बघा, शक्ती निघाली! खांद्यावर आली... कोपरात आली... अहो, रेटारेटी करू नका, तिलाही वाट लागते! ज्याच्या मनात शंका असेल त्याने मागे व्हा. शंकेच्या वासाने शक्तीला शिंका येतात!"

कोणी मागे झालं नाही. दोन-अडीच मिनिटांत वहिनींचं मनगट आपोआप खाली वळलं, बोटं ताठ होऊन एकमेकांना चिकटली, अंगठा आत ओढला गेला. चिमटीतून दाणे सोडावेत तसा हात.

"दानमुद्रा!" बाबा गरजले. मग त्यांनी वहिनींच्या कानापुढे गालावर टिचकी मारली. ओठांचा कोपरा थरथरला. "हसली! शक्ती हसली!"

मास्तरांनी हात जोडले. बायकोच्या कपाळावरचा घाम त्यांना दिसला. ते तेज आहे, असं त्यांनी मानून घेतलं.

सात महिन्यांपूर्वी वहिनींच्या गळ्यातली गाठ काढली होती. घरी सोडताना डॉक्टरांनी कॅल्शियमच्या गोळ्या आणि एक छोटी कॅप्सूल दिली होती आणि बजावलं होतं: जन्मभर, एक दिवसही चुकवायचं नाही. पुढे नातेवाइकांकडे गेल्यावर चार दिवस गोळ्या राहून गेल्या. परतल्यावर मास्तरांनी शिवलेला नवा कुर्ता तिने घालून पाहिला. बाही दंडात घट्ट झाली होती. ती काढता काढताच हात असा वळला. कफनीचं माप द्यायला आलेले बाबा तेव्हा समोरच उभे होते. बाही घट्ट असली की हात वळतो, सैल केली की सुटतो, एवढं त्यांनी टिपलं. बाकीचं सगळं त्यांच्या जिभेने शिवलं.

मास्तर भोळे नव्हते. त्यांनी पारखून घेतलं. गोळ्या दिल्या, मुद्रा बंद. गोळ्या थांबवल्या, मुद्रा हजर. एकदा नाही, तीनदा. "गोळीने शक्ती पळते," बाबा म्हणाले, आणि मास्तरांना ते पटलं. माप अचूक घेतलं होतं, कापड उलटं कापलं.

"अहो, बोटांना मुंग्या येतात. ओठांनासुद्धा," वहिनी एकदा म्हणाल्या होत्या. "काल काजं करताना तीनदा सुई टोचली."

"असं भाग्य सगळ्यांना मिळतं का? जरा कळ काढ."

"तुम्ही म्हणता तर काढते."

त्या मंगळवारी गर्दी सारत वहिनींची धाकटी बहीण आत आली. ती दुसऱ्या शहरात नर्स होती. फोनवर ताईचं बोलणं अडखळतंय, हे ऐकून रजा टाकून निघाली होती.

"ताई, गोळ्या घेतेस ना?"

वहिनींनी मास्तरांकडे पाहिलं. बहिणीला उत्तर मिळालं.

"बाई, स्पर्श करू नका!" बाबा म्हणाले.

"तुम्ही जरा बाजूला व्हा." तिने लाल पट्टी सोडली. हात हळूहळू उघडला. मग पिशवीतून रक्तदाब मोजायचं यंत्र काढून त्याचा पट्टा दंडाला बांधला. "मंत्र नाही, धूप नाही. दाजी, घड्याळ बघा."

तिने फुगा दाबून हवा भरली आणि गप्प उभी राहिली. तिसरं मिनिट पुरं व्हायच्या आत हात वळला. तोच, तस्साच.

"काय बाबा, तुमची शक्ती माझ्या रबरी फुग्यात कधी शिरली?"

"आणि मौन तर हिनेच पाळलं!" मागून एक म्हातारा म्हणाला. दोघं-तिघं हसले.

"रक्तातलं कॅल्शियम घसरलंय," हवा सोडत नर्स म्हणाली. "आत्ताच्या आत्ता दवाखान्यात..."

तेवढ्यात वहिनींच्या गळ्यातून शिट्टीसारखा आवाज आला. श्वास आत जाईना.

"शक्ती बोलतेय! हात लावाल तर भस्म व्हाल!" बाबा ओरडले. हसणाऱ्यांनीही हात जोडले.

"दाजी, घसा आवळतोय तिचा! उचला!"

मास्तर हात जोडून उभे होते. बायकोचे डोळे त्यांना शोधत होते आणि तोंडातून 'अहो' फुटत नव्हतं. किती वेळ? घड्याळ समोरच होतं. पाऊण मिनिट.

मग त्यांनी तिला उचललं. गाडीत तिला झटके आले. दवाखान्यात शिरेतून कॅल्शियम सुरू झालं, नळी घातली, छाती दाबली. अर्ध्या तासाने डॉक्टर बाहेर आले आणि त्यांनी नकारार्थी मान हलवली.

बाकावर बसून नर्स खूप वेळ रडली. मग भिंतीकडे बघत बोलू लागली.

"गळ्यात तांदळाच्या दाण्याएवढ्या चार ग्रंथी असतात, दाजी. त्यांचं संप्रेरक रक्तातलं कॅल्शियम राखतं. कमी पडलं तर हाडांतून काढतं, लघवीतून वाया जाऊ देत नाही. ताईच्या त्या ग्रंथी ऑपरेशनमध्ये दुखावल्या होत्या, म्हणून गोळ्या. कॅल्शियम घटलं की नसा बिथरतात, नको तेव्हा स्नायू आखडतात. दंड आवळून रक्त अडवलं की हात वळतो. टिचकीने ओठ उडतो. शेवटी घसा."

"मला कळलं नाही गं."

"कसं नाही कळलं? तुमच्या पोटातलं इन्सुलिन कमी पडतं, साखर आवरत नाही, म्हणून रोज टोचून घेता ना? तुमचं एक संप्रेरक कमी, तिचं दुसरं. तुमचं इंजेक्शन किती दिवस चुकवलंत?"

एकही दिवस नाही. रोज सकाळी सिरिंज वहिनीच भरून द्यायच्या. आजही दिली होती. मुंग्या आलेल्या बोटांनी.

आठवड्याने बाबांनी पलीकडच्या गल्लीत बस्तान मांडलं. शक्तीने वहिनींना जवळ केलं, असं ते सांगू लागले. मग ती लाल पट्टी घरात ठेवायला मिळेल का, असं विचारत चार बायका दुकानात आल्या.

"ती जाळली," मास्तर म्हणाले. "बसा. तिला शक्तीने नेलं नाही. रक्तात कॅल्शियम नव्हतं, कारण गोळ्या मी बंद केल्या. बाबा खोटारडा आहे, पण गोळ्यांची डबी त्याने नाही उचलली, मी उचलली. गोळीने थांबतो तो आजार, हे शाळेतलं पोरही सांगेल. मी ते उलटं वाचलं, कारण मला चमत्कार हवा होता. तुमची गर्दी हवी होती माझ्या दारात."

चारही जणी बसल्या तसे मास्तर पुढे म्हणाले,

"पुन्हा कुठे चमत्कार दिसला तर हात जोडू नका. आधी विचारा, हे मंत्राशिवाय होतं का? डॉक्टरला दाखवलं का? आणि ज्याच्या अंगावर हे चाललंय त्याला विचारा, तुला त्रास होतोय का? मी हे तिला एकदाही विचारलं नाही." मास्तरांनी मधल्या रिकाम्या खुर्चीकडे पाहिलं. "तिने तर न विचारताच सांगितलं होतं."