ताईनं घाणा उघडायला लावला

अगं ऐक तर! तेलगिरणीत काल जे झालं ना, माझ्या अंगावर अजून काटा येतोय.

यंदा सूर्यफुलाचं अर्धं शेत काकांनी ताईला दिलं होतं. अट काय, तर तिच्या मालाला तेल जास्त निघालं तर पुढच्या हंगामात सगळं शेत तिच्या पद्धतीनं, नाहीतर तिनं शेतात लुडबुड करायची नाही. काकांनी आपल्या अर्ध्यात युरिया नुसता ओतला. दाणे हे टपोरे! ताईनं युरिया बेतानं दिला, गंधक घातलं, फुलं यायच्या सुमाराला पानांवर बोरॉन फवारलं. तिचे दाणे बारीक. काका म्हणाले, "चिमण्यांना घाल."

गिरणीत दोघांची एकेक गोणी, वजनाला सारखी. मिस्त्रीनं आधी ताईची टाकली. तेल जेमतेम! लगेच मागोमाग काकांची, तर धारच सुटली. काका मिशीला पीळ देत म्हणाले, "झालं समाधान? चल घरी."

मला तर रडूच आलं. ताई जागची हलली नाही.

"मिस्त्रीकाका, माझी गोणी टाकली तेव्हा घाणा रिकामा होता?"

"हो, आजची पहिलीच."

"मग माझा माल घाण्याच्या पोटातच राहिला. काकांच्या मालानं तो बाहेर ढकलला. उघडा घाणा. साफ करा. दोन्ही परत गाळा, मधे पुन्हा साफ करून."

"हरली की डाव मोडते!" काका ओरडले.

"पत्ते खेळताना तुम्हीच शिकवलंत."

मिस्त्री फिस्सकन हसला. पण घाणा उघडायला कोण कंटाळत नाही? मग ताईनंच बाह्या वर केल्या, गरम गरम पेंड खरवडून काढली. बाहेर उभ्या आमच्या टेम्पोतून दोघांच्या मालाची आणखी एकेक गोणी, सारख्याच वजनाची, आम्ही दोघींनीच ओढत आणली.

काकांचे टपोरे दाणे आधी गेले. पेंडच पेंड! मग साफसफाई, मग ताईचे. अगं, काय धार होती!

"मशीन बिघडलंय," काका म्हणाले.

"तिसऱ्यांदा गाळू. मी आहे इथंच. युरियानं दाणा फुगतो काका, तेल भरत नाही."

काका म्हणाले, "बस टेम्पोत."

"बसते. आधी शेतातल्या पंपाची किल्ली. पुढचा हंगाम माझा."

तेलानं माखलेला हात तसाच पुढे! काकांनी किल्ली दिली नाही हं, फेकली. तिनं झेलली.