सत्यभामावहिनींची बरणी

हळ्ळीखेडच्या बसवेश्वर चौकात त्या सकाळी पाय ठेवायला जागा नव्हती. कट्ट्यावर माझ्या थोरल्या भावाची बायको, सत्यभामावहिनी, बसलेली. मांडीवर काचेची बरणी, बरणीत पोटातून पडलेले हिरवे खडे. शेजारी सिद्धलिंगबाबा ओरडत होते, "सुरी न्हाई, टाका न्हाई! पोटातली गाठ तेलाच्या धारेनं भाईर!"

माझा जीव जळत होता. मलाही खडे झाले होते. बिदरला पित्ताची पिशवीच काढली, तेव्हा चहा विचारायलाही कुणी आलं नाही. हिच्या बरणीला मात्र हळदकुंकू!

"भाऊजी, जळायलाव व्हय?" वहिनी हसल्या.

सोनोग्राफीत त्यांच्या पित्ताशयात गाठ दिसली होती. ऑपरेशन ठरलेलं. पण त्यांचा नवरा, माझा थोरला भाऊ धनराजअण्णा, म्हणाला, "गाठ बरणीत आली, आता कापायचं कामून?"

त्याच संध्याकाळी मीही बाबांचं औषध प्यालो. पेलाभर तेल, लिंबाचा रस, जुलाबाचं मीठ. वहिनींपेक्षा मोठी बरणी भरायची, एवढंच डोक्यात. सकाळी शौचातून पडलेल्या खड्यांनी भरलीही! ती मिरवत चौकात गेलो.

गावातल्या श्रीनिवासरावांची मुलगी जयंती तिथं उभी होती. बिदरला गाठींचे तुकडे तपासणारी डॉक्टर.

"काका, एवढे खडे?"

"वहिनीच्या दुप्पट!"

"पण तुमची पिशवीच काढलीय की. हे आले कुठून?"

बाबा मधेच म्हणाले, "पिशवी गेली तरी तिची सावली ऱ्हाते, बाई!"

जयंतीनं हॉटेलातून उकळतं पाणी मागवून माझा खडा त्यात टाकला. तो वितळला, वर तेलकट थर आला. "पोटात तेलाचेच साबणासारखे गोळे होतात. पित्तानं हिरवे दिसतात. खरा खडा असा वितळत नाही."

"भाऊजींचेच खोटे आसतील," म्हणत वहिनींनी आपला खडा टाकला. तोही वितळला. त्यांचा चेहरा उतरला.

जयंती त्यांच्याजवळ बसली. "काकू, गाठ पिशवीच्या भिंतीलाच असते. ती शौचातून येत नाही. पिशवी काढली की आम्ही तिचे पातळ काप करतो, रंगवतो, सूक्ष्मदर्शकाखाली बघतो. गाठ साधी की कर्करोगाची, भिंतीत किती खोल गेली, हे तेव्हाच कळतं. पुढचा उपचार त्यावरच ठरतो."

बाबांनी भालकीची बस पकडली. वहिनी ऑपरेशनला बिदरला गेल्या.

कर्करोगच निघाला. पण आतल्या अस्तरापुरताच, खोल उतरलेला नव्हता. "आणखी थांबला असतात तर एवढ्यावर भागलं नसतं," जयंती म्हणाली. अण्णा तिथंच खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला.

म्हणून सांगतो, बाबांनो. कुणी रोग काढून दाखवला तर हात जोडण्याआधी एवढंच विचारा: ज्याला तो रोग नाही, त्याला हेच औषध दिलं तर काय निघतं?