पेपरात मला स्वच्छ दिसतं

आमची धाकटी पीआर एजन्सीत इंटर्न म्हणून लागली तेव्हा आईने विचारलं, "म्हणजे करायचं काय?"

"मोठ्या लोकांचं पेपरात चांगलं छापून आणायचं."

प्रत्यक्षात ती सकाळभर पेपरातल्या बातम्या कापून फायलीत चिकटवायची आणि दुपारभर पत्रकारांना फोन करायची, "सर, आमची प्रेस नोट मिळाली का?" सर 'मिळाली' म्हणायचे आणि फोन आपटायचे. तिला स्वतःची खुर्ची नव्हती. जो रजेवर असेल त्याच्या खुर्चीत बसायचं आणि 'इंटर्न' अशी हाक आली की उठायचं. इंटर्न तिघी होत्या, कायम एकीलाच करणार होते. धाकटीचा सगळा जीव त्यात अडकलेला.

मी साबणाच्या कारखान्यात होतो. टाकी फुटली आणि आतलं सगळं माझ्या डोळ्यांत गेलं. डावा डोळा गेलाच. उजव्याने नुसतं धुकं दिसायचं, पण कंपनीच्या खर्चाने ऑपरेशन ठरलं होतं आणि डॉक्टरांना आशा होती.

हाच कारखाना धाकटीच्या एजन्सीचा ग्राहक निघाला. अपघातात गेलेलं नाव त्यांना पेपरातून परत मिळवायचं होतं. मीटिंगमध्ये तिच्या मॅडमनी विचारलं, "बरा झालेला एखादा कामगार मिळेल का?" धाकटीच्या तोंडून निघून गेलं, "माझा दादा आहे तिथे." त्या दिवशी मॅडमनी पहिल्यांदा तिचं नाव विचारलं.

त्या धंद्यात माणसाचं म्हणणं आधी लिहितात, मग त्याला वाचून दाखवतात. त्याने फक्त मान डोलवायची. धाकटीने लिहिलं होतं, "आता मला थोडं दिसतं." मॅडमनी 'थोडं'चं 'स्वच्छ' केलं आणि पुढे जोडलं, "कधी एकदा कामावर जातो असं झालंय."

"नको रे दादा," धाकटी म्हणाली. "मी सांगते त्यांना, तू नाही म्हणालास."

"थोडं काय नि स्वच्छ काय! तू कायम हो म्हणजे झालं," मी म्हणालो. माझी अक्कल तेव्हा शेण खायला गेली होती.

फोटोसाठी मला त्यांच्या ऑफिसात नेलं. तिथे फार गार होतं. कुणीतरी माझा काळा चष्मा काढून घेतला. दिव्याचा झोत आला आणि उजव्या डोळ्यातून घळाघळा पाणी वाहू लागलं. मॅडमनी ते पुसून घ्यायला सांगितलं. "इकडे बघा," फोटोवाला म्हणाला. इकडे म्हणजे कुठे ते मला कळेना. मग धाकटीने हाक मारली, "दादा, इकडे." मी आवाजाकडे बघितलं.

"वा, एकदम नॅचरल!"

सगळ्या पेपरांत छापून आलं. धाकटीनेच ते कापलं आणि फायलीत चिकटवलं.

ऑपरेशनसाठी आम्ही हॉस्पिटलात गेलो, तर खिडकीतली बाई म्हणाली, "तुमचं रद्द झालंय. पेशंट बरा आहे, असं कंपनीने कळवलंय."

"अहो, मला दिसत नाही!"

"पेपरात तर तुम्हीच सांगितलंय."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. धाकटी तशीच मॅडमकडे धावली, म्हणाली, खुलासा छापा. मॅडम शांतपणे म्हणाल्या, "आपणच दिलेल्या बातमीचा?" पुढच्या आठवड्यात दुसऱ्या मुलीला कायम केलं. तिच्या घरचं कुणी कशात गुंतलेलं नाही, एवढंच कारण सांगितलं. कारखान्यातून मला फोन आला, सोमवारपासून रुजू व्हा, नाहीतर नोकरीवर पाणी सोडा.

"तेलही गेलं, तूपही गेलं," आई म्हणाली, आणि रडायलाच लागली.

धाकटी शेवटच्या दिवशी ऑफिसातून आली तेव्हा ते कात्रण घेऊन आली. मी म्हटलं, "वाच की. एवढं चांगलं मी जन्मात बोललो नव्हतो." तिने वाचलं नाही. मला तिचा राग यायला हवा होता. आला नाही, याचाच राग आला.

"बरं, फोटोत मी कुठे बघतोय ते तरी सांग."

"माझ्याकडे," ती म्हणाली.

सोमवारी कारखान्याच्या फाटकापर्यंत तीच मला हाताला धरून सोडणार आहे. तिला आता सकाळी काहीच काम नसतं.