जांभळ्यावरचे पांढरे फराटे

हिरोसेसारखा हट्टी माणूस अख्ख्या कुमामोतोत नसेल. कुणी पाहिला नाही असा रंग हवा म्हणून त्यानं जन्मभर आयरिसच्या फुलांचे संकर केले, आणि दर जूनमध्ये निघायचं ते जांभळंच. मी चिडवायचो, "तुझ्या अंगणात कावळा बसला तर तोही जांभळा होईल." तो म्हणायचा, "तुझ्याकडे कावळा तरी फिरकतो का?"

तो इस्पितळात पडला त्या जूनमध्ये एका कुंडीत अवचित ते फूल उमललं. जांभळ्या पाकळ्यांवर पांढरे फराटे, कुणी चुन्याचा ब्रश झटकावा तसे. सकाळीच त्याच्या बायकोचा, तोमिएवहिनींचा फोन आला. मी म्हटलं, हात लावू नका, संध्याकाळी येतो. असा रंग मुळातून पुन्हा येईलच असं नाही. धरायचा तर बियांत, आणि बी धरायला फूल रोपावरच हवं. हे आम्हा आयरिसवाल्यांतलं शेंबडं पोरही सांगेल.

संध्याकाळी पाहतो तर कुंडीत नुसता कापलेला दांडा. तसाच तणतणत इस्पितळ गाठलं. फूल हिरोसेच्या उशाशी, पाण्याच्या ग्लासात. आजाऱ्यापाशी मुळासकट रोप नेलं तर आजार मूळ धरतो, असं आमच्याकडे मानतात. म्हणून वहिनींनी कुंडी आणली नव्हती.

मी तोंड उघडणार तोच हिरोसेनं माझं मनगट धरलं. वहिनी चहा आणायला गेल्यावर म्हणाला, "मी घरी यावं म्हणून कापलंय तिनं. तिला एक अक्षर बोललास तर बघ."

"आणि तुझं जन्मभराचं काम?"

"गप रे, मात्सुनो. फूल बघू दे."

जुलै उजाडायच्या आत तो गेला. त्या कुंडीतला एकेक कोंब मी जिवापाड जपला. पुढच्या जूनमध्ये सगळे जांभळे. तेच सांगायला वहिनींकडे गेलो.

वहिनींनी चहाबरोबर दांगो, रताळ्याचे गोड गोळे, पुढे ठेवले. हिरोसेला दिलेला शब्द पाळून मी एवढंच म्हटलं, की असे रंग एकदाच येतात, त्यात कुणाचा दोष नसतो.

"माझी समजूत कशाला घालताय, भावोजी?" त्या म्हणाल्या. "बी जाणार हे कापतानाच ठाऊक होतं मला. एवढी वर्षं कुणाच्या घरात काढली? म्हटलं, फूल जाऊ दे, माणूस राहू दे."

त्यांनी माझा कप पुन्हा भरला.

"कुंडीच न्यायला हवी होती," म्हणाल्या.